माफीचे दिवस कोणाच्या खात्यावर?

(तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा, थोडा आटोपशीर केलेला मजकूर.)



आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो आपल्या शिबिरांत सहसा येत नाही. गुन्हा कसा नोंदवायचा, पंचनामा नीट झाला की नाही हे कसं पाहायचं, साक्षीच्या दिवशी बाईच्या पाठीशी कसं उभं राहायचं, हे आपण वर्षानुवर्षं शिकतो आणि शिकवतो. १९८० च्या सुमारास मथुरा प्रकरणावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हापासून आपला सगळा जोर आहे तो गुन्हेगाराला शिक्षा होण्यावर. ते साहजिकही आहे, कारण शिक्षा होणं हीच मुळात दुर्मिळ गोष्ट. निकाल लागतो, कोर्टाच्या आवारात आपण एकमेकींचे हात घट्ट धरतो, आणि फाईल कपाटात जाते. त्या शिक्षेचं पुढे काय होतं, हे आपल्यापैकी किती जणी विचारतात?

न्यायाधीशांनी दहा वर्षं म्हटलं म्हणजे माणूस दहा वर्षं आत राहतोच असं नाही. खटला चालू असताना तो जितके दिवस कोठडीत होता ते आधी वजा होतात. मग सुरू होते 'माफी'. तुरुंगातल्या माणसांच्या तोंडी हाच शब्द असतो. कागदावर त्याला शिक्षेतली सूट किंवा रेमिशन म्हणतात. राष्ट्रपती किंवा राज्यपाल दया दाखवतात ती माफी वेगळी. ही माफी रोजंदारीसारखी कमवायची असते. १८९४ च्या तुरुंग कायद्यात तिची व्याख्याच अशी केली होती की कैद्याला गुण द्यायचे आणि त्या गुणांवर शिक्षा कमी करत जायची. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखंच. महाराष्ट्रात यासाठी १९६२ चे नियम झाले. नीट वागलं, दिलेलं काम केलं की दर महिन्याला काही दिवस. वर्षभर शिस्तभंग नसला की आणखी काही. एखादी खास कामगिरी केली तर त्याचे वेगळे. शिवाय राष्ट्रीय सणाच्या किंवा थोर पुरुषाच्या शताब्दीच्या निमित्ताने सरकार देतं ते वेगळेच. त्यात फर्लो, म्हणजे संचित रजा. या रजेचे दिवस आपल्या १९५९ च्या नियमांप्रमाणे शिक्षेतच धरले जातात. पॅरोलचे, म्हणजे अभिवचन रजेचे, धरले जात नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे अर्ज लिहिताना लागेल.

मी या पद्धतीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. तुरुंगात माणसाला उद्याची आशाच उरली नाही तर तो तुरुंग चालवताही येत नाही आणि त्यातून माणूसही बाहेर पडत नाही. मला प्रश्न पडतो तो हिशेबाच्या पद्धतीबद्दल. माफीचा हिशेब मुख्यतः आतल्या वागणुकीवर चालतो. बाहेर त्याने काय केलं होतं, किती जणींना केलं होतं, सुटून आल्यावर पुन्हा केलं होतं का, याला त्या हिशेबात फारशी जागा नसते.

आता जरा आपल्या अनुभवातून बघा. बायकोला कुऱ्हाडीने मारणारा, मुलीच्या वयाच्या पोरीवर हात टाकणारा माणूस गावात कसा असतो? बहुतेक वेळा अगदी सज्जन. सरपंचाला नमस्कार करणारा, दिंडीला वर्गणी देणारा. त्याचा राग सगळ्यांवर निघत नाही, तो जिथे चालतो तिथेच निघतो. असा माणूस तुरुंगात जातो, तिथे मारायला बाईच नसते. वॉर्डरपुढे, अधीक्षकांपुढे तो मान खाली घालून उभा राहतो. त्याची वर्तणूक उत्तम, त्याच्या खात्यावर माफीचे दिवस भराभर जमतात. यातून तो बाईशी कसा वागेल याबद्दल काय कळलं? माझ्या मते काहीही नाही.

आमच्याकडे आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण तो माणूस आज ना उद्या बाहेर येणार आहे. शेतमजूर बाई, एकटी. गावातल्या एका इसमाने तिच्यावर बलात्कार केला, ती कोर्टात उभी राहिली, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पाचवं वर्ष संपता संपता तो गावात हजर. तिला कळलं ते किराणा दुकानदाराकडून, तेही दोन दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला वाटेत गाठून कोयत्याने वार केले, साक्ष दिलीस म्हणून. ती वाचली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. दुसरा खटला, खुनाचा प्रयत्न, दहा वर्षं. आणि आता तो पुन्हा उत्तम वर्तणुकीचा कैदी आहे. पहिल्यांदाच आत आलेल्या कैद्याप्रमाणेच त्याचेही माफीचे दिवस जमत आहेत.

ती आमच्याकडे आली ती फक्त एक गोष्ट विचारायला. "ताई, तो कधी सुटनार ह्ये मला आधी कोन सांगंल?" आम्ही पोलीस ठाण्यात विचारलं, त्यांनी कोर्टाकडे बोट दाखवलं. कोर्टातल्या कारकुनाने जेलकडे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती आहे, देता येत नाही. तिच्या हाताची बोटं वाकडी करणारा माणूस तिला त्रयस्थ! खरं म्हणजे कार्यालयाच्या लेखी त्रयस्थ होती ती तीच.

आता कायद्याकडे येते. 'पुन्हा गुन्हा करणारा' या शब्दाला कायद्यात अर्थ आहे, पण तो आपल्या अर्थापेक्षा फार अरुंद आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३७६-ई आलं. बलात्काराबद्दल आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा दोषी ठरला तर उरलेल्या आयुष्यभर तुरुंग किंवा फाशी. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७१ आहे. त्याचा पहिला मोठा वापर आपल्या मुंबईतच झाला, शक्ती मिल प्रकरणात. ऑगस्ट २०१३ मध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार दिल्यानंतर आणखी एक मुलगी पुढे आली, टेलिफोन ऑपरेटरचं काम करणारी. तिच्यावर जुलैमध्ये त्याच जागी हाच प्रसंग गुदरला होता. तीन आरोपी दोन्ही खटल्यांत समान होते. एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तिघांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशी रद्द करून उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभराची जन्मठेप दिली, पॅरोल नाही आणि फर्लोही नाही.

या खटल्यात मला महत्त्वाची वाटते ती जुलैमधली मुलगी. ऑगस्टमधलीने तोंड उघडलं नसतं तर जुलैचा गुन्हा कागदावर कधीच आला नसता, आणि हे तिघं 'पहिल्यांदाच गुन्हा करणारे' ठरले असते. आपल्या गावोगावी असे किती 'पहिल्यांदाच'चे आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

जन्मठेपेबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तोही काढून टाकू. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं वकीलसुद्धा बोलून जातात. तसं नाही. महाराष्ट्राशी संबंधित एका खटल्यातच हे स्पष्ट झालं आहे. गांधीखुनाच्या कटातला गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कमावलेली माफी धरली तर माझी शिक्षा भरली, मला सोडा, असं त्याचं म्हणणं. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे पूर्ण आयुष्य. कितीही दिवस खात्यावर जमले तरी सरकारने शिक्षा कमी करण्याचा आदेश दिल्याशिवाय सुटका नाही. (१९६४ मध्ये सरकारने तो आदेश दिला. तो सुटला तेव्हा पुण्यात सत्यविनायकाची पूजा घालून सत्कार झाला, त्यावर गदारोळ उठला आणि त्यातून पुढे कपूर आयोग नेमला गेला. हार घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.) चौदा वर्षांचा आकडा आला तो १९७८ च्या कलम ४३३-अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडायचं नाही, एवढंच ते म्हणतं. म्हणजे चौदा ही किमान मर्यादा. तिला लोकांनी कमाल करून टाकलं. आज नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४७५ आहे.

त्यानंतर २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात न्यायालयाने आणखी एक वाट काढली. बंगळूरची सधन बाई, तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवून दुसऱ्या नवऱ्याने १९९१ मध्ये तिचा जीव घेतला आणि घराच्याच आवारात तिला पुरलं. तीन वर्षं तो नातेवाइकांना खोटं सांगत राहिला. फाशी नको, पण चौदा वर्षांनी सुटकाही नको, म्हणून न्यायालयाने माफी लागूच होणार नाही अशी जन्मठेप दिली. २०१५ मध्ये घटनापीठाने ही वाट कायम केली. उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय अशी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे माफीवर मर्यादा घालणं आपल्या कायद्याला परकं नाही. पण ते होतं एखाद्या खटल्यात, एखाद्या खंडपीठापुढे. तालुक्याच्या गावातल्या सात वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या शिक्षांना त्याचा स्पर्शही होत नाही. आणि आपल्या बहुतेक बायकांचे खटले तिथेच असतात.

बिल्किस बानोंचं प्रकरण तुम्हा सर्वांना माहीत आहे. २००२ मध्ये पाच महिन्यांच्या गरोदर बाईवर सामूहिक बलात्कार, तिच्या घरच्यांची आणि तीन वर्षांच्या मुलीची हत्या. गुजरातमध्ये न्याय मिळणार नाही म्हणून खटला मुंबईला आला, २००८ मध्ये इथल्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ ला ते अकराही गोध्र्याच्या तुरुंगातून बाहेर आले आणि त्यांना हार-पेढे मिळाले. त्याच स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्राने कैद्यांच्या खास सुटकेसाठी राज्यांना जे पत्र पाठवलं होतं, त्यात जन्मठेपेचे आणि बलात्काराचे कैदी वगळायला सांगितले होते. गुजरातचं स्वतःचं २०१४ चं धोरणही त्यांना सोडू देत नव्हतं. मग १९९२ चं धोरण बाहेर काढलं गेलं. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचं मत विरोधात, सीबीआयचं विरोधात. सल्लागार समितीत सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार. बिल्किसला कोणी विचारलंही नाही, तिने स्वतःच तसं जाहीर सांगितलं.

८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, असं सांगितलं. दोन आठवड्यांत सगळे परत आत गेले. या लढाईत बिल्किसबरोबर सुभाषिनी अली, रूपरेखा वर्मा, रेवती लाल अशा अनेक जणी होत्या, आणि आपल्या राज्यात तुरुंगखात्याच्या प्रमुख राहिलेल्या मीरां बोरवणकरही. तुरुंग आतून पाहिलेल्या बाईला याविरुद्ध उभं राहावंसं वाटलं, याची मी नोंद घेते.

पण आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे माझं आपल्यातल्याच काही मैत्रिणींशी पटत नाही. त्या म्हणतात, पुन्हा गुन्हा केला ना, मग एक दिवसाचीही माफी नको, 'सराईत' म्हणून शिक्का मारा. हा शिक्का महाराष्ट्रात कोणाच्या कपाळावर बसतो? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडच्या 'सेटलमेंट'मध्ये पिढ्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. फासेपारध्याच्या पोराला कोंबडी चोरल्याच्या संशयावरून चार वेळा उचललं की तो सराईत. त्याच्या बायकोला, आईला ठाण्यात बसवून ठेवलं जातं ते कोणी मोजत नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमपुस्तकांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला, आणि 'सराईत' या शब्दाचा मनमानी वापरही रोखला. आपण मागणी करताना हा निकाल उशाशी ठेवला पाहिजे.

अमेरिकेचंही बघा. कॅलिफोर्नियात १९९३ मध्ये पॅरोलवर सुटलेल्या अट्टल गुन्हेगाराने एका बारा वर्षांच्या मुलीला घरातून उचलून मारलं. लोक पेटले, आणि १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप, आणि शिक्षेतल्या सुटीवर कडक मर्यादा, असा कायदा झाला. त्या मुलीच्या आजोबांनी याच कायद्याला विरोध केला होता. त्यांचं भय खरं ठरलं. आधीच्या घरफोड्या होत्या म्हणून नऊ व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्या एका माणसाला पन्नास वर्षं ते जन्मठेप लागली, आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तुरुंग इतके भरले की २०११ मध्ये त्याच न्यायालयाला कैदी कमी करा म्हणून सांगावं लागलं. तिकडे 'गंभीर' आणि 'पुन्हा' या दोन शब्दांची कुंपणं नीट घातली नाहीत, तर हे होतं.

आणि आपल्या बायका? महिला कारागृहात मला एक भेटली होती. नवऱ्याने अकरा वर्षं मारलं, एका रात्री तिने वरवंटा उचलला. खून, जन्मठेप. माफीचा एकेक दिवस तिला तोंडपाठ. देशातल्या कैद्यांत बायका सुमारे चार टक्के. त्यांना भेटायला येणारं कोणी नसतं, त्यांच्यासाठी समितीपुढे बोलणारं तर नसतंच. सरसकट माफी बंद झाली तर पहिला फटका यांना बसेल, आणि गोध्र्याला हार घालणाऱ्यांचे लोक तरीही वाट काढतील. हरियाणातला तो बाबा बघा. दोन शिष्यांवरच्या बलात्काराबद्दल २०१७ मध्ये वीस वर्षं, २०१९ मध्ये पत्रकाराच्या खुनात जन्मठेप, आणि तरी त्याला पुन्हा पुन्हा पॅरोल-फर्लो मिळत आले. सरकारचं म्हणणं, तो कायद्याच्या व्याख्येतला 'हार्डकोअर' कैदी नाही.

इकडे आपल्याकडे २०१२ मध्ये वडाळ्याला एका तरुण वकील मुलीचा खून करणारा रखवालदार २०१६ मध्ये पॅरोलवर गेला तो परतलाच नाही. २०१७ मध्ये काश्मीरात सापडला. त्याच्या पळण्यानंतर राज्याने रजेचे नियम कडक केले. एका घटनेवरून नियम आवळायचे, पुढच्या निवडणुकीत कोणासाठी तरी सैल करायचे, असं चालत आलं आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. 'गंभीर' म्हणजे ज्यात बाईचा, मुलाचा, कोणाचाही जीव गेला, कायमची इजा झाली, लैंगिक अत्याचार झाला, ॲसिड फेकलं गेलं. चोरी, दारू, रेल्वेतली पाकीटमारी यात नाही. 'पुन्हा' म्हणजे वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल न्यायालयात सिद्ध झालेले गुन्हे. ठाण्याच्या रजिस्टरवरची नावं नव्हेत. अशा कैद्याला माफी पूर्ण बंद करू नये, पण ती आपोआप जमू नये, आणि तिला ठरलेली वरची मर्यादा असावी. जी द्यायची ती कारणं लिहून, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत घेऊन. हे मत घेण्याची तरतूद कलम ४७३ मध्ये आहे, पण जिच्यावर गुन्हा झाला तिला कळवावं असं त्यात कुठेही नाही. तिला रजेपूर्वी आणि सुटकेपूर्वी कळवलं पाहिजे, ऐकून घेतलं पाहिजे. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तो निकाल जामिनाबद्दलचा होता, पण सुटका हाही टप्पाच की. आणि ज्या बाईने वर्षानुवर्षांच्या मारहाणीनंतर हात उचलला, तिला या नियमातून स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवावं.

काही जणींना हे मवाळ वाटेल. वाटू दे. फाशीची मागणी करून मोर्चा मोठा होतो, पण किराणा दुकानदाराकडून बातमी कळणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग होत नाही.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हाती आहे ते अर्जाचं काम. निकालाची फाईल कपाटात टाकण्याआधी निकालाची नक्कल घ्या, त्यात खटला क्रमांक, शिक्षेची तारीख आणि कोठडीत काढलेले दिवस असतात. कैदी कोणत्या कारागृहात पाठवला ते वॉरंटवरून विचारून घ्या. मग अधीक्षक, जिल्हा पोलीस अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अशा तिघांना बाईच्या सहीचा अर्ज द्या: फर्लो, पॅरोल किंवा सुटकेचा प्रस्ताव आला की मला आधी कळवा, माझं म्हणणं ऐका. आधी हल्ला झाला असेल तर त्याच्या शिक्षेची नक्कल जोडा. २०२१ मध्ये आसारामच्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच १९५९ च्या नियमांचा अर्थ लावून सांगितलं आहे की फर्लो हा कैद्याचा बिनशर्त हक्क नाही, तेही लिहा. बाईचा राहता पत्ता अर्जात घालू नका, संघटनेचा घाला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या दोन महिने आधी स्मरणपत्र गेलंच पाहिजे, कारण सुटकेच्या याद्या त्या सुमारास फिरतात. मसुद्याच्या प्रती मी आणल्या आहेत, चहाच्या सुटीत घ्या, आणि आपापल्या तालुक्यातल्या गेल्या दहा वर्षांतल्या शिक्षा झालेल्या खटल्यांची यादी कोण करणार ते दुपारच्या सत्रात ठरवू.